आधी जमा बघा, मग खर्च: पुण्याचं अंदाजपत्रक वाचायची माझी रीत

सदाशिव पेठेत माझी खानावळ आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं जेवायला येतात, दोन्ही वेळची मिळून दीडशेच्या घरात ताटं होतात. रात्री ओटा धुऊन झाला की मी गल्ला मोजते, वहीत मांडते आणि मगच उद्याचा बेत फळ्यावर लिहिते. ही सवय सासूबाईंची. गल्ला मोजल्याशिवाय फळ्यावर बासुंदी लिहायची नाही, असा त्यांचा दंडक होता. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचताना मला हीच सवय कामाला आली. बाकी माझं शिक्षण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं, तेव्हा तुम्हाला जमणार नाही असं यात काही नाही.

दरवर्षी अंदाजपत्रक आलं की मुलं जेवता जेवता पेपरातला आकडा मोठ्याने वाचतात. २०२३-२४ ला ९,५१५ कोटी, २०२४-२५ ला ११,६०१ कोटी, २०२५-२६ ला १२,६१८ कोटी. "काकू, तुमच्या महापालिकेकडे बघा किती पैसा आहे!" मी दर वेळी तेच सांगते की अरे, आहे कुठे? येईल असं धरलंय. अंदाजपत्रक हा शब्दच बघा ना, त्यात 'अंदाज' आधी येतो.

तर मी हे कसं वाचते ते क्रमाने सांगते. वही, पेन्सिल आणि तुमचं मिळकतकराचं बिल एवढंच घ्या.

बिलापासून सुरुवात

मोठा आकडा बाजूला ठेवून आधी आपलं बिल उलगडायचं. बहुतेक जण एकच ओळ बघतात, 'एकूण देय रक्कम', आणि वैतागून मोबाइलवरून भरून टाकतात. मीही तेच करायचे.

आमची दोन बिलं येतात. वर आम्ही राहतो, खाली खानावळ. खानावळ सुरू झाल्यावरही कित्येक वर्षं खालचा भाग कागदोपत्री राहता होता. चूक आमचीच. सासरे गेल्यावर नाव लावायला गेले तेव्हा मीच सांगितलं, आणि खालच्या भागाची बिगरनिवासी आकारणी झाली. बिल चांगलंच चढलं. यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यामुळे एक झालं: दोन्ही बिलं शेजारी ठेवली आणि खालच्या बिलात एक ओळ जास्तीची दिसली, 'रोजगार हमी कर'. राहत्या घराला तो नसतो. तिथून मी एकेक ओळ वाचायला लागले.

ओळींचे तीन गट करा. पहिला गट राज्य सरकारचा: शिक्षण कर आणि, जागा बिगरनिवासी असेल तर, रोजगार हमी कर. १९६२ च्या कायद्यानुसार महापालिका हे पैसे गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्याकडे बोट दाखवून "एवढा कर भरतो" म्हणताना या ओळी वजा करायला हव्यात. मनपाचा वेगळा शिक्षण करही बिलात असतो, तो महापालिकेच्या शाळांसाठी. दोघांची गल्लत करू नका.

दुसरा गट नावाच्या करांचा: पाणीपट्टी, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्ष कर, पथ कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर. डाळीचा डबा, तांदळाचा डबा अशी ही मांडणी आहे. तिसऱ्या गटात एकच ओळ, सामान्य कर. तो महापालिकेच्या एकत्र निधीत जातो आणि त्यातून काहीही होऊ शकतं, पगारही आणि पुलाचा हप्ताही.

हे सगळे कर 'वार्षिक करपात्र रकमे'वर लागतात. तुमची जागा वर्षभर भाड्याने दिली तर किती भाडं येईल याचा महापालिकेने धरलेला दर, त्यातून ठरावीक वजावट, ही ती रक्कम. जागा कुठे आहे, बांधकाम कसलं आहे, वापर कोणता आहे यावर दर ठरतो. बिलावरचं क्षेत्रफळ मात्र स्वतः टेप घेऊन ताडून बघा. आमच्याकडे सासऱ्यांनी काढून टाकलेला पत्र्याचा आडोसा वर्षानुवर्षं मोजला जात होता, कारण तो काढल्याचं आम्ही कळवलंच नव्हतं.

आता सवलती. इथे मी एकदा काउंटरवर उगाच भांडले आहे, म्हणून नीट सांगते. मुदतीच्या आत पूर्ण वर्षाचा कर भरला तर सूट मिळते. राहत्या घराची करपात्र रक्कम २५,००० पर्यंत असेल तर १० टक्के, त्यावर असेल तर ५ टक्के. पण ही सूट फक्त सामान्य करावर असते, सगळ्या बिलावर नाही. समजा बिल ९,००० आहे आणि त्यात सामान्य कर ३,००० आहे, तर सूट ३०० रुपये. मी ९०० धरून बसले होते आणि काउंटरवरच्या मुलीला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला दोन बेसनाचे लाडू दिले. मुदत साधारण मे अखेरची असते, काही वर्षी ती जूनपर्यंत गेली आहे. तेव्हा बिलावरची तारीख बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको. सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांतलं एक असेल तर आणखी ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट आहे, पण ती यंत्रणा चालू असली पाहिजे. गच्चीवर गंजलेला पॅनल दाखवून सूट मागणारे आमच्याच आळीत आहेत.

उलट बाजूला थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाला २४. एवढ्या व्याजाने आमच्या भिशीतसुद्धा कोणी पैसे उचलत नाही.

आणि ४० टक्के. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करपात्र रक्कम ठरवताना ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. लेखापरीक्षणात आक्षेप आले, राज्य सरकारने ती थांबवली आणि २०२३ मध्ये परत दिली. मधल्या काळात, म्हणजे एप्रिल २०१९ नंतर, ज्यांची नव्याने आकारणी झाली त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण स्वतः राहतो याचा पुरावा द्यायचा असतो. नवा फ्लॅट घेतलेल्या माझ्या भाचीला हे माहीतच नव्हतं. "बिल असंच असतं" म्हणून ती भरत होती. घर भाड्याने दिलं असेल तर मात्र ही सवलत मागू नका. पेठेत वरचा मजला मुलांना भाड्याने देऊन खाली 'स्वतः राहतो' लिहिणारे कमी नाहीत. त्यांनी बुडवलेला पैसा तुमच्या-माझ्या बिलातून वसूल होतो, एवढंच म्हणते.

अंदाजपत्रक उघडल्यावर पहिलं पान सोडा

महापालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रकाच्या पीडीएफ मिळतात, आणि मराठीत असतात. पहिली पानं निवेदनाची, रंगीत. त्यात उड्डाणपूल, नदी, झाडं. ती सोडा. 'जमा बाजू' शोधा.

जमेच्या पानावर आडवे रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. माझ्या मते सगळं अंदाजपत्रक या रकान्यांत आहे. एक पट्टी घ्या, 'मिळकतकर' या ओळीखाली धरा आणि डावीकडून उजवीकडे या. प्रत्यक्ष आणि पुढच्या वर्षाचा अंदाज यांत मोठी उडी दिसली तर विचारायचं: एवढं वाढणार कशाने? कर वाढवला? नव्या मिळकती सापडल्या? थकबाकी वसूल होणार? कारण दिलेलं नसेल, तर खर्चाच्या बाजूला तेवढ्याच रकमेची कामं हवेत आहेत असं समजायला हरकत नाही.

याचा नमुना म्हणून २०२१-२२ चं बघा. आयुक्तांनी ७,६५० कोटींचं अंदाजपत्रक दिलं, स्थायी समितीने, म्हणजे पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीने, ते ८,३७० कोटींवर नेलं. मधले ७२० कोटी. खर्च वाढवायचा तर जमाही तेवढी दाखवावी लागते, मग ती दाखवली जाते. पक्ष कुठलाही असो, ही पद्धत जुनी आहे. मी उद्या एका वेळच्या पाऊणशेच्या जागी दोनशे मुलं जेवतील असं धरून बासमती आणला तर परवा किराणावाला दारात उभा राहील. महापालिकेच्या दारात ठेकेदार उभे राहतात, आणि आपल्या गल्लीत अर्धवट खणलेला चर राहतो.

जमेत तीन ओळी सर्वांत जाड असतात: जीएसटीचं अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. पहिली ओळ समजायला थोडा इतिहास लागतो. पूर्वी पुण्याच्या वेशीवर जकात होती. १ एप्रिल २०१३ ला ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढीने अनुदान देतं. हा पैसा नियमित येतो, पण तो दुसऱ्याच्या हातून येतो. तो वाढवणं-कमी करणं पुण्याच्या हातात नाही. बांधकाम शुल्क तर लग्नसराईसारखं, एखादं वर्ष दणक्यात आणि एखादं कोरडं. त्यावर कायमचा खर्च टाकू नये.

राहिला मिळकतकर. तोच काय तो आपला आणि खात्रीचा. म्हणून रोजचा, न चुकणारा खर्च त्यातून निघतो की नाही, हे मी बघते.

रोजचा खर्च आणि एकदाचा खर्च

महसुली आणि भांडवली हा फरक मला जालन्याच्या एका मुलाने शिकवला. तो राज्यसेवेची तयारी करत होता. मी त्याला म्हटलं, अरे सोपं सांग. तो म्हणाला, काकू, भाजी आणि गॅस म्हणजे महसुली, फ्रीज घेतला तर भांडवली. मी विचारलं, आणि फ्रीजचं लाइट बिल? तो हसला. म्हणाला, मेख तिथेच आहे.

तिथेच आहे खरी. नवीन नाट्यगृह, नवीन उद्यान, नवीन जलतरण तलाव बांधला की फोटो भांडवली खर्चाचा येतो. त्याचा रखवालदार, वीज, दुरुस्ती हे मात्र दरवर्षी महसुली बाजूला येऊन बसतं. महसुली बाजूला आधीच गर्दी असते: पगार आणि निवृत्तिवेतन, रस्त्यावरचे दिवे, कचरा उचलणं, पाणी उपसायची वीज, खडकवासल्याच्या पाण्याचं पाटबंधारे खात्याचं बिल. शिवाय शहरातल्या बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या तोट्यातला ६० टक्के वाटा पुण्याचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा. तेव्हा तुमच्या भागात काही नवं बांधायची घोषणा झाली की त्याच खात्याची देखभाल-दुरुस्तीची ओळ काढून बघा. बांधकाम वाढतंय आणि देखभालीची तरतूद तिथल्या तिथे आहे, असं दिसलं तर पाच वर्षांनी त्या इमारतीला कुलूप दिसेल.

कर्जाचंही असंच. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. कर्ज काढलं म्हणून मी नाक मुरडत नाही. फ्रीज मीही हप्त्यानेच घेतला. फक्त हप्ता कोणत्या ओळीतून जातो आणि ज्यासाठी कर्ज घेतलं ते काम किती पुढे गेलं, या दोन गोष्टी दरवर्षी शेजारी शेजारी लिहून ठेवायच्या.

पेठेत एक तक्रार नेहमी ऐकू येते: कर आम्ही भरायचा आणि पैसा गावांकडे. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये २३. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळ्या नगरपरिषदेसाठी वगळली. मला ही तक्रार पटत नाही. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी अशाच एका गावातून येतात. उन्हाळ्यात त्यांच्या घरी टँकर येतो. आपल्याला नळ आणि गटारं आजोबांच्या काळात मिळाली, त्यांना आता मिळताहेत, एवढाच फरक.

आपली गल्ली शोधणं

खर्चाच्या बाजूला पीडीएफमध्ये शोधायची सोय चालली तर उत्तम, नाही तर पानं उलटा. शोधताना तीन नावांनी शोधा: तुमचा प्रभाग क्रमांक, पेठेचं किंवा भागाचं नाव, आणि तुमच्या रस्त्याचं कागदावरचं नाव. हे तिसरं महत्त्वाचं. आपण ज्या चौकाला वर्षानुवर्षं एका नावाने ओळखतो त्याला महापालिकेच्या कागदावर कुणा दुसऱ्याचंच नाव असतं.

काही शब्द तिथे परत परत भेटतात. 'तरतूद' म्हणजे खर्च करायची परवानगी. रोख पैसे बाजूला काढून ठेवलेत असा त्याचा अर्थ होत नाही. 'स यादी' म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी. '७२ ब' असं दिसलं तर ते काम एका वर्षात संपणारं नाही, पुढच्या वर्षांच्या अंदाजपत्रकावरही त्याचा बोजा आहे. असे बोजे किती साचलेत हे मोजणं थोडं किचकट आहे, पण दोन-तीन संध्याकाळी बसलात तर जमतं. रक्कम अगदी छोटी, १ लाख, २ लाख, आणि काम मोठं दिसत असेल तर तिला आम्ही टोकन म्हणतो. लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाचं हिशेबातलं खातं, जिवंत ठेवायला तेवढे टाकलेले असतात. त्यावर पेढे वाटू नका.

सूचना कशी लिहायची

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६-०७ पासून आहे. नितीन करीर आयुक्त असताना ते सुरू झालं. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेची, १९८९ ची. (हे जालन्याच्या मुलाने सांगितलं, त्याला परीक्षेसाठी पाठ होतं, आपल्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो हे मात्र माहीत नव्हतं.) साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूचना मागवतात, कागदावर आणि ऑनलाइनही. एका कामाची मर्यादा ५ लाखांची असल्यामुळे पूल मागू नका. पदपथ, दिवे, बसथांब्याला बाक, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, असं मागा.

पहिल्या वर्षी मी लिहिलं: 'आमच्या गल्लीतील रस्ता नीट करावा ही विनंती.' नामंजूर. आता वाटतं, दुसरं काय होणार होतं? कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, नीट म्हणजे काय? उद्या कोणी फळ्यावर 'जेवण चांगलं करा' लिहून गेलं तर मी तरी काय करीन?

दुसऱ्या वर्षी टेप घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी पदपथ संपतो तिथे पायरीएवढी उंची होती. समोरच्या आजींना वॉकर घेऊन उतरता येत नव्हतं, म्हणून त्या रस्त्याच्या कडेने चालायच्या. मी लिहिलं: पदपथ अमुक इमारतीपासून अमुक दुकानापर्यंत, उंची ९ इंच, दोन्ही टोकांना उतार हवा, प्रत्येकी रुंदी ४ फूट, जागा महापालिकेची आहे, खासगी नाही, खाली मला दिसणारी पावसाळी वाहिनीची जाळी एक. सोबत दोन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. अर्ज द्यायच्या आधी कनिष्ठ अभियंत्यांना भेटून खर्च किती येईल ते विचारून घेतलं. हे करायचंच. अभियंत्याला काम आधी माहीत असेल तर छाननीत तो "शक्य आहे" असा शेरा देऊ शकतो. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणखी एक. नवीन पैसा मागायच्या आधी तेच काम अलीकडे झालंय का ते बघा. रस्ते-पदपथांच्या कामाला दोषदायित्व कालावधी असतो. तो किती, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं. त्या काळात काम खराब झालं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची. अशा कामासाठी सूचना देणं म्हणजे एकाच पोळीचे दोनदा पैसे देणं.

तारखा

भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी चार खुणा करते. ऑगस्ट-सप्टेंबर, सूचनांसाठी. २० फेब्रुवारी, कारण पुढच्या वर्षीच्या करांचे दर सगळ्या नगरसेवकांच्या मुख्यसभेने त्या तारखेपर्यंत ठरवायचे असं कायद्यात आहे. करवाढीवर बोलायचं असेल तर नगरसेवकांशी त्याआधी बोला, एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर आरडाओरडा करून फायदा नाही. ३१ मार्च, अंदाजपत्रक मंजूर व्हायची शेवटची तारीख. आणि बिलावरची सवलतीची तारीख.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं सभागृह नव्हतं, प्रशासकच अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकच मंजूर करायचे. आता १६५ नगरसेवक आहेत. बोलायला माणूस आहे, एवढं तरी झालं.

मंजूर झालं म्हणजे झालं नाही

माझी दुसऱ्या वर्षीची सूचना अंदाजपत्रकात आली. मी मुलांना शिरा केला. घाई झाली. तरतूद झाल्यावर पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, होतं, मान्यता होते, निविदा निघते, वर्क ऑर्डर निघते, मग काम, मग बिल. यांतल्या कुठल्याही पायरीवर ते बसून राहू शकतं, आणि बसलं की मार्च येतो.

मार्च जवळ आला की 'वर्गीकरण' हा शब्द ऐकू यायला लागतो. एका कामाची न वापरलेली तरतूद दुसऱ्या कामाला वळवणं. वर्गीकरण म्हणजे घोटाळाच असं नाही. गॅस अचानक महागला तर मीही तेलाचे पैसे गॅसला लावते. पण गटाराचे पैसे कमानीला आणि पदपथाचे पैसे नामफलकाला जायला लागले की वहीत नोंद करायची: कोणत्या कामातून, कोणत्या कामाला, किती, कोणत्या तारखेला. स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत हे प्रस्ताव असतात. तीन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुणाकडे बोट न दाखवताही सगळं दिसतं.

पाठपुरावा करायला माहिती अधिकार आहे, पण आधी सोपा रस्ता घ्या. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कार्यालयातले अभिलेख, म्हणजे फाइली, नागरिकांना बघता यायचे; ही सोय अजून चालू आहे का ते आधी कार्यालयात विचारा. पुण्यात ही पद्धत आधीपासून होती. २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतर ठिकाणीही लागू केली. माझ्या दृष्टीने ती वेळ उत्तम, दुपारची पंगत उठलेली असते आणि संध्याकाळची कणीक मळायला अवकाश असतो. फाइल बघायला मिळाली तर अर्ज करायचीच गरज पडत नाही.

अर्ज करायचाच झाला तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. 'का' ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. मी असे मागते: अमुक कामाच्या मंजूर पूर्वगणनपत्रकाची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांची प्रत, आजपर्यंत अदा केलेल्या बिलांचा तपशील, या कामाच्या तरतुदीतून वर्गीकरण झाले असल्यास त्या ठरावाची प्रत. पानाला २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवस. मोजमाप पुस्तक जरूर मागा. त्यात किती लांबी-रुंदीचं काम झालं ते लिहिलेलं असतं, आणि टेप तर तुमच्याकडे आहेच.

आमच्या पदपथाला उतार झाला, पण एकाच टोकाला. मोजमाप पुस्तकात एकच नोंद आहे आणि बिलही एकाचंच गेलंय, म्हणजे हिशेब चोख आहे. दुसऱ्या टोकाचं या वर्षी परत लिहायचंय. आजींनी मला आधीच सांगून ठेवलंय, की घराकडे येताना जे टोक लागतं ते हे दुसरं. पहिलं झालंय ते देवळाकडे जाताना.